उन्हाचे गवत

पावसाळ्यात ठाणे-नवी मुंबईत हिरवे नसलेले काही शोधूनही सापडत नाही. पारसिकचा डोंगर, रुळांच्या कडेची खडी, जुन्या इमारतींचे छज्जे, वर्षानुवर्षे एकाच जागी उभ्या असलेल्या गाड्यांचे बॉनेट, जिथे चिमूटभर माती साठली तिथे काही ना काही उगवलेले असते. नेमक्या याच महिन्यांत सोसायटीचे लॉन मात्र पिवळट, किडकिडीत आणि मलूल दिसू लागते, आणि बाग समितीच्या बैठकीत कुणीतरी हमखास विचारते की, एवढा पाऊस पडतो आहे तर लॉनलाच काय धाड भरली आहे? प्रश्न रास्त आहे. नेरुळच्या आमच्या सोसायटीत बागेचे काम काही वर्षे माझ्याकडे असल्याने त्याचे उत्तर देण्याची वेळ माझ्यावर अनेकदा आली आहे. ते उत्तर असे की, आपल्याकडच्या लॉनची खरी भूक पाण्याची नसून उन्हाची आहे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ते उपाशी असते.

आपल्या हवेत टिकणारी लॉनची सगळी गवते उष्ण ऋतूची आहेत. ऊस, मका, ज्वारी आणि बाजरी ज्या पद्धतीने हवेतला कार्बन डायऑक्साइड वापरतात, त्याच पद्धतीने ही गवतेही तो वापरतात. भात आणि गहू यांच्या पानांत कडक उन्हाळ्यात एक गळती सुरू होते. कार्बन डायऑक्साइड पकडणारे विकर (एन्झाइम) चुकून ऑक्सिजनच पकडू लागते आणि झाडाची मेहनत वाया जाते. उसाच्या आणि हरळीच्या पानांत कार्बन डायऑक्साइड आधी गोळा करून आतल्या पेशींकडे दाटीने पोहोचवला जातो, त्यामुळे ही गळती जवळजवळ होतच नाही आणि पारा पस्तिशीला टेकला तरी काम जोरात चालू राहते. या सोयीची किंमत मात्र झाडाला प्रकाशात मोजावी लागते. मे महिन्यात मुंबई परिसरात दिवसाला नऊ-दहा तास स्वच्छ ऊन मिळते; जुलै-ऑगस्टमध्ये ते सरासरी दोन-तीन तासांवर येते. हवा उबदार असते, माती ओली असते, म्हणजे वाढीचा हुकूम सुटलेला असतो, पण घडण करायला प्रकाश नसतो. मग गवत उंच होते, पाती पातळ आणि लुसलुशीत होतात, मुळे उथळ राहतात, आणि त्यावर बुरशीला आयते घर मिळते.

लॉनविषयीची बरीच पुस्तके आणि चित्रफिती थंड मुलखांतून येतात, आणि तिथले वेळापत्रक हिमाभोवती फिरते. उष्ण ऋतूचे गवत तिकडे हिवाळ्यात वाळक्या रंगाचे होऊन झोपते आणि वसंतात जागे होते. आपल्याकडे दिल्ली-चंडीगडलाही डिसेंबर-जानेवारीत तसेच घडते. ठाण्यात आणि नवी मुंबईत रात्रीचे तापमान क्वचितच इतके उतरते, त्यामुळे आमचे गवत हिवाळ्यात थोडे मंदावते, झोपत नाही. त्याचा वाईट काळ हिवाळा नव्हे, तर आषाढ-श्रावण हा आहे. हे एकदा ध्यानात आले की खत कधी, कापणी किती, नवी लागवड केव्हा, हे सगळे त्या पुस्तकांपेक्षा निराळे ठरू लागते.

गवत म्हणजे अर्थात हरळी. वनस्पतिशास्त्रात ती सायनोडॉन डॅक्टिलॉन, परदेशात बर्म्युडा, आणि गणपतीच्या डोक्यावर दूर्वा. सातारा जिल्ह्यातले माझे थोरले मामा एकदा आमच्याकडे राहायला आले असताना सकाळी बागेत फिरून आले आणि चहाला बसता बसता म्हणाले, "अगं, ती हरळी हाय. आम्ही जन्मभर जी खणून काढली, ती तुम्ही पैसं मोजून लावताय व्हय?" त्यांचे आश्चर्य खोटे नव्हते. काळ्या रानात हरळी शिरली की तिची पांढरी, गाठीगाठीची भूमिगत खोडे खोलवर जातात. नांगराने तुकडे झाले तर प्रत्येक तुकडा फुटतो, म्हणून ती वेचून बांधावर उन्हात वाळवावी लागते. शेतकऱ्याला नकोशा वाटणाऱ्या याच गुणांवर लॉन उभे असते. हरळी वरून धावती खोडे सोडते आणि खालून भूमिगत खोडे. वरचे तुडवले, कापले, जळाले तरी खालचे वर येते. ज्या रोपट्याला पंधरा मुले रोज संध्याकाळी चेंडूमागे धावत तुडवणार आहेत, ते असेच हवे.

नर्सरीत गेल्यावर मात्र नुसती हरळी मागून भागत नाही. तिथे सिलेक्शन नंबर वन, कोरियन, मेक्सिकन अशी नावे ऐकू येतात, आणि दर चौरस फुटावर सांगितला जातो. कोरियन हे झोयसिया वंशाचे गवत आहे. ते दिसायला देखणे, पण वाढीला संथ, आणि वेळच्या वेळी कापले नाही तर त्याचे उंचवटे होतात. खेळाच्या जागेसाठी ते घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्याला एकदा टक्कल पडले की भरून यायला महिने लागतात. गोल्फच्या आणि फुटबॉलच्या मैदानांवर जगभर गाजलेली बारीक पात्याची हरळी ही संकरित आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टिफ्टन नावाचे गाव आहे. तिथल्या संशोधन केंद्रात ग्लेन बर्टन यांनी साध्या हरळीचा तिच्या आफ्रिकन भावंडाशी संकर करून अनेक वाण काढले, आणि त्यांतला टिफवे ४१९ हा वाण १९६० साली प्रसारित झाला. या संकरात गुणसूत्रांचे तीन संच येतात, त्यामुळे त्याला बी धरत नाही. म्हणून त्याच्या बियांचे पाकीट कुणी विकायला आले तर ते दुसरेच काहीतरी असते. तो वाण फक्त खोडांच्या तुकड्यांनी किंवा गालिच्यासारख्या गुंडाळ्यांनीच पसरतो. सोसायटीच्या बागेला एवढ्या नाजूक निवडीची गरज नसते. चांगल्या जागेवरची निरोगी हरळी आणून तिचे ठोंब चार-पाच इंचांवर खोचले, तर दोन-अडीच महिन्यांत जमीन झाकते आणि गुंडाळ्यांच्या कितीतरी कमी खर्चात काम होते. फक्त घाई असणाऱ्या सभासदांना तेवढे दिवस मातीकडे पाहत राहावे लागते.

आमच्याकडे खरी अडचण गवताची नसून जमिनीची आहे. नवी मुंबईचा मोठा भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव घालून उभा राहिला. खाली चिकट, खारी गाळमाती, तिच्यावर मुरूम, त्यावर बांधकामाचा राडारोडा, आणि सगळ्यांत वर ट्रकने आणून पसरलेली लाल माती असे थर आमच्या बागेत अर्ध्या मीटरच्या खड्ड्यातच दिसतात. लाल माती रंगाने मोहक असली तरी पावसात ती लवकर घट्ट बसते, आणि खालचा मुरूम रोलरने दाबलेला असल्याने पाणी दोन्हींच्या मधे अडकते. वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस, आणि तोही बहुतांशी चार महिन्यांत, अशा ठिकाणी पाणी वाहून न्यायची सोय नसेल तर वरचे सारे उपचार व्यर्थ जातात. म्हणून लॉन नव्याने करताना आम्ही मुरूम फोडला, मातीत जाडी वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळले, आणि मुख्य म्हणजे संपूर्ण तुकड्याला गटाराच्या दिशेने डोळ्यांना जाणवणार नाही इतका उतार दिला. वाळू घेताना ती खाडीची नाही एवढी खात्री करून घ्यावी. हरळी मीठ बऱ्यापैकी सोसते, पण तिची परीक्षा पाहण्याचे कारण नाही.

निचऱ्याची किंमत आमच्या शेजारच्याच मैदानावर जगाने पाहिली. नेरुळच्या डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ रोजी महिलांच्या एकदिवसीय विश्वचषकाचा अंतिम सामना होता, आणि अवकाळी पावसाने तो सुमारे दोन तास लांबवला. तरीही पन्नास षटकांचा पूर्ण सामना झाला आणि भारताने दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. आच्छादने होती, माणसे राबली, हे सगळे खरेच. पण पाऊस थांबल्यावर तासाभरात धावण्याजोगी होणारी हिरवळ नुसत्या आच्छादनांनी मिळत नाही. अशा मैदानांच्या पोटात वाळूचा जाड थर आणि त्याखाली पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांचे जाळे असते. घोडबंदर रोडच्या नव्या संकुलांत, जिथे माझी धाकटी बहीण राहते, लॉन जमिनीवर नसून पार्किंगच्या स्लॅबवर असते, आणि तिथे फूटभर मातीखाली प्लास्टिकच्या निचरा-पेट्या घालून हेच तत्त्व वापरलेले आढळते. ती लॉने पावसात आमच्यापेक्षा बरी राहतात आणि मे महिन्यात आमच्या आधी करपतात.

तणांपैकी टाकळा, एकदांडी, आंबुशी यांची मी फारशी फिकीर करत नाही. कापणी नियमित असेल तर बरीचशी आपोआप हटतात. लव्हाळा मात्र वेगळ्या जातीचा शत्रू आहे. तो गवतात गवतासारखाच मिसळतो, फक्त कापणीनंतर दोन-तीन दिवसांत हरळीच्या वर डोके काढतो आणि त्याची पाती चकाकतात. शंका असेल तर देठ बोटांत धरून फिरवावा. हरळीचा देठ गोल लागतो, लव्हाळ्याच्या देठाला तीन कडा जाणवतात. उपटला तर बुडाशी तपकिरी, खरबरीत, सुगंधी गाठ निघते, आणि तिच्यापासून काळसर दोऱ्यासारखे खोड पुढच्या गाठीकडे गेलेले असते. याच कुळातल्या नागरमोथ्याचा वास दिवाळीच्या उटण्यात आपल्याला आवडतो, पण लॉनमध्ये हा वास आला की माझे कपाळ आक्रसते. वरून हिसका दिला तर दोरा तुटतो आणि एरवी निद्रिस्त असलेल्या पुढच्या गाठी फुटू लागतात, म्हणजे उपटण्याने तो वाढतो. आमचे माळीकाका खुरपे हातभर लांबीच्या पात्याचे वापरतात, माती आधी भिजवून घेतात आणि साखळी जेवढी मिळेल तेवढी हळूहळू ओढतात. ऊसकरी शेतकरी लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन नावाचे तणनाशक वापरतात, आणि ते हरळीला मारत नाही. मुलांच्या वावराच्या जागी मात्र मी ते शेवटचा उपाय म्हणून ठेवले आहे, आणि गणपतीच्या आधीच्या काळात तर कोणत्याही फवारणीला परवानगी देत नाही.

कापणीबद्दल समितीत जेवढे वाद होतात तेवढे पाण्याबद्दलही होत नाहीत. कंत्राटदाराला दोरीचे ग्रास कटर हवे असते, कारण त्याने काम लवकर उरकते. त्या कटरने मारलेले लॉन दुसऱ्या दिवशी सकाळी उकिडवे बसून पाहावे. प्रत्येक पात्याचे टोक कापलेले नसून फाटलेले असते, त्यातून पांढरे तंतू लोंबत असतात, आणि दुपारपर्यंत ते वाळून पेंढ्याच्या रंगाचे होतात. दुरून पाहणाऱ्याला मग लॉनवर धूळ बसल्यासारखे वाटते आणि तो पाणी वाढवा म्हणतो. रीळ असलेल्या मशीनचे पाते खालच्या स्थिर पात्यावर घासून गवत कात्रीसारखे छाटते. हे मशीन ढकलायला जड असते, त्याला धार लावून आणावी लागते, पण जखम स्वच्छ राहते. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये हा नियम जगभर सांगितला जातो आणि तो खरा आहे. उन्हाच्या महिन्यांत आम्ही तीन सेंटिमीटरच्या आसपास राखतो, पावसाळ्यात पाचपर्यंत वाढू देतो, कारण प्रकाश कमी असताना पाती हीच गवताची मिळकत असते. पंधरा दिवस सतत पाऊस लागला आणि मशीन बाहेर काढता आले नाही तर गवत घोट्यापर्यंत येते; हिरवा भाग फक्त शेंड्यावर उरतो आणि खाली नुसत्या पिवळ्या काड्या असतात. अशा वेळी "एकदाच बारीक मारून टाका" असे सांगणारा सभासद हटकून भेटतो. त्याचे ऐकले तर पुढचे तीन आठवडे काड्याच पाहाव्या लागतात. टप्प्याटप्प्याने, दर चार-पाच दिवसांनी थोडे थोडे उतरवत आणणे हाच मार्ग आहे.

खताच्या बाबतीत मी हात आखडता घेते. युरिया टाकला की आठवडाभरात रंग येतो आणि सगळे खूश होतात, पण जुलैत तो टाकणे म्हणजे उपाशी गवताला आणखी पळायला लावणे आहे. उरलेला पावसाने गटारात जातो तो वेगळाच. आमचा युरिया ऑक्टोबरपासून मेपर्यंतच पडतो, चौरस मीटरला महिन्याला दहा ग्रॅमच्या आतबाहेर, कोरड्या पात्यांवर आणि लगेच पाणी देऊन. पावसाळ्यात कधीकधी गवतावर राखेसारखी करडी पूड दिसते आणि व्हॉट्सॲपवर छायाचित्रे येऊ लागतात. ती बहुधा निरुपद्रवी बुरशीसदृश वाढ असते, झाडूने झटकली की जाते. वितीवितीचे गोल तपकिरी डाग पसरू लागले तर मात्र संध्याकाळचे पाणी बंद करून औषधाचा विचार करावा. आणि सप्टेंबरात कावळे-साळुंक्या एकाच तुकड्यावर तुटून पडल्या असतील तर गवत हाताने उचलून पाहावे. मुळे मातीतल्या हुमणी अळीने खाल्ली असतील तर ते सतरंजीसारखे उचलले जाते.

पाण्याचा हिशेब एकदा तरी सगळ्यांसमोर मांडावा असे मला वाटते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिल-मेमध्ये हरळीला दिवसाला चार-पाच मिलिमीटर लागते, म्हणजे आमच्या चारशे चौरस मीटरच्या लॉनला रोजचे सुमारे दोन हजार लिटर. शहरी माणशी दिवसाला १३५ लिटर हे आपल्याकडचे मानक धरले, तर हे पंधरा माणसांचे पाणी झाले. नवी मुंबईची तहान भागवणाऱ्या मोरबे धरणाचे पाणी गवतावर ओतणे पटण्यासारखे नाही, म्हणून आमच्याकडे एसटीपीचे, म्हणजे सांडपाणी शुद्ध करून मिळालेले पाणी वापरले जाते, आणि मे महिन्यात तेही कमी पडले तर कडेच्या पट्ट्या मी खुशाल वाळू देते. हरळी काही आठवडे वाळकी होऊन खालच्या खोडांवर तग धरते. तहानेची खूण रंगाआधी पावलांत दिसते: चालून गेल्यावर पाती परत उभी राहिली नाहीत, ठसे तसेच राहिले आणि हिरव्यात निळसर करडी झाक आली, की त्या दिवशी पहाटे पाणी द्यायचे.

भाद्रपदात लॉनकडे निराळ्या नजरेने पाहिले जाते. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी आजूबाजूच्या आजी पिशव्या घेऊन येतात आणि कापलेल्या हिरवळीवर एकवीस सोडाच, पूजेला चालेल अशी एक दूर्वा मिळत नाही म्हणून नाराज होतात. त्यांचे बरोबरच असते. दूर्वेला तीन पाती फुटलेला कोवळा, उभा शेंडा हवा, आणि मशीन नेमका तोच खाते. म्हणून श्रावण लागला की कंपाउंडकडेची एक पट्टी आम्ही कापत नाही. त्यानंतर मांडव पडतो आणि त्याखालचे गवत दहा-अकरा दिवस अंधारात पिवळे होते, आणि ते सावरते न सावरते तोच नवरात्र येते. ओल्या मातीवर नऊ रात्री गरबा झाला की जमीन फरशीसारखी घट्ट होते. दसऱ्यानंतर माळीकाका लोखंडी दात्यांच्या काट्याने सगळीकडे भोके पाडतात, त्यांत बारीक वाळू झाडून भरतात, आणि टक्कल पडलेल्या जागी कडेच्या पट्टीतले ठोंब खोचतात. ज्या ऑक्टोबरच्या उष्म्याला सगळे शहर शिव्या देते, तो लॉनचा सर्वांत चांगला महिना असतो: मातीत ओल शिल्लक, आभाळ मोकळे, रात्री अजून उबदार. या चार-पाच आठवड्यांत गवत जेवढे भरते तेवढे जूनमध्ये नव्याने लावलेलेही भरत नाही, आणि म्हणूनच नवी लागवड पहिल्या पावसावर करण्याचा प्रघात मला पटत नाही.

गेल्या वर्षी आमच्या दक्षिणेला एका जुन्या इमारतीच्या जागी पुनर्विकासाचा वीस मजली टॉवर उभा राहिला. आपण विषुववृत्तापासून एकोणीस अंशांवर आहोत; मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस सूर्य भरदुपारी थेट डोक्यावर असतो आणि तेव्हा टॉवरची सावली त्याच्या पायाशीच पडते. डिसेंबरात मात्र तो दुपारी बारालाही जेमतेम सत्तेचाळीस अंशांवर चढतो, आणि साठ मीटर उंचीची सावली उत्तरेकडे पंचावन्न मीटरपर्यंत पसरते. म्हणजे जुलैत ढगांनी झाकलेल्या तुकड्याला नोव्हेंबर ते जानेवारीत इमारत झाकते, आणि हरळीला लागणारे सहा-सात तासांचे ऊन वर्षातले मोजकेच महिने मिळते. एवढ्यावर ती जगत नाही. सेक्रेटरींनी त्या जागी प्लास्टिकचे गवत अंथरण्याचा प्रस्ताव आणला होता. पावसाळ्यात त्याखाली शेवाळ आणि डास होतील या मुद्द्यावर तो मागे पडला, आणि मलाही ते बरे वाटले. आता त्या पट्टीत मोंडो ग्रास आणि स्पायडर लिली लावायचे ठरले आहे, आणि तिथली हरळी दसऱ्यानंतर उचलून झोपाळ्याखालच्या उघड्या मातीत हलवायची आहे. सावली दर महिन्याच्या एकवीस तारखेला दुपारी कुठवर येते, याच्या खुणा मी कंपाउंडच्या भिंतीवर खडूने करून ठेवते आहे, कारण शेजारचा आणखी एक प्लॉट पुनर्विकासाला जाणार असल्याचे कळते.